पंप खांद्यावर घ्यायच्या आधी: पिकावरचा ताण ओळखायचा कसा, हलका करायचा कसा

ताण हा शब्द आपल्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही. लिंबू-मोसंबीला आंबे बहार, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या वेळची फुलं, धरायचा असला की पाणी तोडतात त्याला ताण देणंच म्हणतात, हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत दीड-दोन महिने, पानं पिवळी पडून गळायला लागली की मग खत आणि पाणी, आणि थोड्याच दिवसांत झाड फुलांनी भरून जातं. म्हणजे ताण पडला की झाड नुसतं सोसत बसत नाही, स्वतःचा हिशोब बदलतं, हे आपल्या आज्या-पणज्यांना चांगलं माहीत होतं. पण तोच ताण कपाशीवर नाहीतर केळीवर आपोआप आला की आपण घाबरतो, दुकानात जातो, औषधाच्या चार बाटल्या आणतो आणि फवारणीचा पंप खांद्यावर घेतो.

आमची शेती जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यात, तापीकाठची, केळी, कपाशी आणि घरापुरती दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली, ती ही की पिकावर जे दिसतं त्यातला मोठा भाग झाडाचा बचाव असतो. पान मिटणं, पातं म्हणजे फुलाची कळी गाळणं, लाल होणं, वाढ थांबवणं हे सगळं झाड स्वतः करतं, जगायसाठी करतं. आपलं काम एवढंच की हा बचाव चालू आहे का बचाव हरलाय ते ओळखायचं, चालू असला तर त्याला हातभार लावायचा, हरला असला तर पटकन निर्णय घ्यायचा. खाली मी जसं करतो तसं पायरी पायरीने लिहितोय, आपल्या हवेला आणि आपल्या पिकांना धरून.

पायरी १: सकाळी सहाला शेतात जा, रिकाम्या हाताने

दुपारी दोनला बघून कुठलाही निर्णय घेऊ नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी केळीचं पान मधल्या शिरेवरून दोन्ही बाजूंनी खाली मिटलेलं दिसतं, जणू कुणी पुस्तक उलटं घालून ठेवलंय. ती केळीची युक्ती आहे, उन्हासमोर पानाचा पसारा कमी करायचा म्हणजे पाणी कमी उडतं. मक्याचं आणि ज्वारीचं पान सुरळी करतं ते पण त्याच्यासाठीच. भेंडी, दुधी, कपाशी दुपारी माना टाकतात आणि संध्याकाळी परत उभ्या राहतात.

खरी परीक्षा पहाटेची. रात्रभर पानांतून पाणी जवळपास उडत नाही आणि मुळं ओढत राहतात, म्हणून सूर्य उगवायच्या वेळी झाड जेवढं ताजं दिसायला पाहिजे तेवढं असतं. सकाळी सहाला पान ताठ असलं तर दुपारचं मिटणं विसरून जा. सकाळी सहाला पण पान लोंबलेलं असलं तर दोनच गोष्टी, एकतर जमिनीत खरंच पाणी नाही, किंवा पाणी आहे पण मुळं ते घेऊ शकत नाहीयेत. या दोघांचा इलाज एकदम उलटा आहे, आणि खरं नुकसान याच चुकीत होतं.

पायरी २: आजारी झाडं कुठे कुठे आहेत त्याचा नकाशा मनात काढा

बांधावर उभं राहून बघू नका, आडवे-उभे दोन फेरे मारा. अख्खं शेत सारखंच पिवळं असलं तर हवा, अन्नद्रव्य नाहीतर पाणी. सखल भागातच असलं तर पाणी साचलंय. एका ओळीतच असलं तर ड्रिपची नळी बघा, ड्रिपर चोक झालेत का, किंवा मागच्या वेळी त्या ओळीला फवारताना डोस दुबार पडला का. बांधाच्या कडेने सुरू होऊन आत सरकत असलं तर बऱ्याचदा कीड, कारण मावा-तुडतुडे-फुलकिडे बाजूच्या शेतातून किंवा बांधावरच्या तणातून येतात. मध्येच एक झाड, मग दहा झाडं सोडून अजून एक, असं विखुरलेलं असलं तर विषाणू नाहीतर मर रोग. हवा आणि पाणी यांचा मार सहसा पसरट असतो, जिवंत शत्रूचा ठिपक्या-ठिपक्याने सुरू होतो. याला अपवाद असतात पण सुरुवात इथूनच करा.

पायरी ३: जुनं पान का नवं पान

नत्र, पालाश, मॅग्नेशियम कमी पडलं की झाड खालच्या जुन्या पानांतून ते काढून वर नव्या पानांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी-लाल. लोह, कॅल्शियम, बोरॉन असं हलवता येत नाही म्हणून कमतरता वरच्या कोवळ्या पानावर आधी दिसते. चुनखडीच्या जमिनीत कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, ही लोहाची खूण. मीठ जास्त झालं तर जुन्या पानाची टोकं आणि कडा जळतात.

पायरी ४: एक झाड उपटा

जीवावर येतं पण एक झाड उपटून मुळं बघितल्याशिवाय औषध आणू नका. पांढरी, टणक, मातीचा वास येणारी मुळं म्हणजे ठीक. तपकिरी, बोटाने चिरडली की साल निघून येणारी, आंबूस वासाची मुळं म्हणजे तिथे हवा संपलेली आहे किंवा बुरशी घुसली आहे. खोडाचा बुंधा उभा चिरून बघा, आत तपकिरी रेघा असल्या तर मर रोग, आतून स्वच्छ पांढरं असलं आणि झाड तरी सुकलेलं असलं तर बहुतेक आकस्मिक मर, त्याच्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

झाड आतून काय करतं, थोडक्यात

मुळाला माती कोरडी लागली की झाडात अ‍ॅबसिसिक अ‍ॅसिड नावाचं संप्रेरक वाढतं, ते पानाच्या खालच्या बारीक तोंडांना, म्हणजे पर्णरंध्रांना, बंद व्हायला सांगतं. तोंडं बंद झाली की पाणी वाचतं, पण कर्बवायू पण आत येत नाही म्हणून अन्न बनणं मंदावतं, आणि घाम थांबला की पान तापतं. म्हणजे पाणी वाचवायचं का पान थंड ठेवायचं, यातलं एकच. आपल्या मे महिन्यात झाड याच कात्रीत सापडलेलं असतं. उष्णतेने प्रथिनं बिघडायला लागली की काही मिनिटांत झाड दुसरी प्रथिनं बनवतं, ती बिघडणाऱ्यांना सावरून धरतात, त्यांना हीट शॉक प्रोटीन म्हणतात. पाण्याच्या ताणात पेशीत प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल साठवतं, त्याने पेशीतलं पाणी धरून राहतं. ही सगळी कामं फुकट होत नाहीत, वाढीचा आणि फळाचा पैसा तिकडे वळतो. म्हणून ताणातलं झाड खुरटं दिसतं, आणि म्हणूनच त्याला त्या वेळी युरियाचा मोठा डोस देऊन वाढ मागणं म्हणजे घरात दुखणं असताना लग्न काढण्यासारखं आहे.

पाणी कमी पडलं तर

पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला की आपल्या काळ्या जमिनीला भेगा पडतात, आणि त्या भेगा नुसतं पाणीच उडवत नाहीत, मुळं पण तोडतात. आमचे आबा म्हणतात एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, आणि त्यात तथ्य आहे, वरची दोन बोटं माती मोकळी झाली की भेगा बुजतात आणि खालचा ओलावा वर चढायची वाट तुटते. खंड पडायला लागला की पहिलं काम कोळपणी, भेगा बोटभर व्हायच्या आधी.

विहिरीला थोडंच पाणी असलं तर कपाशीला एक आड एक सरी पाणी द्या आणि पुढच्या पाळीला राहिलेल्या सऱ्यांना. यात नुसती बचत नाही. कोरड्या बाजूची मुळं वर निरोप पाठवतात की पाणी संपतंय, पर्णरंध्रं अर्धी मिटतात, आणि ओल्या बाजूची मुळं झाडाला मरू देत नाहीत. झाड काटकसरीला लागतं पण उपाशी राहत नाही. मला हे फार आवडतं कारण यात आपण झाडाच्याच बचावाचा वापर करून घेतो.

फवारणीत पोटॅशियम नायट्रेट म्हणजे तेरा शून्य पंचेचाळीस, एक टक्का, दहा लिटरला १०० ग्रॅम, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. पर्णरंध्राची उघडझाप पालाशवर चालते म्हणून ते कामाचं. पण जमीन एकदम कोरडीठाक असताना फवारणीने चमत्कार होत नाही, तिथे एक टँकर पाणी दहा फवारण्यांपेक्षा मोलाचं.

पाते-फुलं गळाली तर आधी शांत बसा. खंडात किंवा सलग ढगाळ हवेत कपाशी स्वतःच ओझं कमी करते, जेवढी बोंडं पोसता येतील तेवढीच ठेवते. गळालेलं पातं हातात घेऊन फोडून बघा. आत अळीचं छिद्र नाहीतर विष्ठा दिसली तर किडीने पाडलं, स्वच्छ असलं तर झाडाने सोडलं. दोन्हीला एकच औषध मारणारे खूप आहेत.

उन्हाळा आणि केळी

कांदेबाग म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी असो का मृगबाग म्हणजे पावसाच्या सुरुवातीला लावलेली, एप्रिल-मे सगळ्यांनाच भोगावा लागतो. पाणी थोडं थोडं आणि रोज, मोठ्या झाडाला भर उन्हाळ्यात दिवसाला साधारण २० लिटरच्या आसपास, आणि शक्यतो रात्री नाहीतर पहाटे, म्हणजे दुपारच्या आधी झाड भरलेलं राहतं. लाइट रात्रीचीच असते म्हणून अनेकांचं हे आपोआप होतं, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. बुंध्याभोवती केळीचीच कापलेली पानं, गव्हाचं काड, उसाचं पाचट जे मिळेल ते पसरा, उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग दुपारी अनवाणी पाय ठेवता येणार नाही इतका तापतो आणि केळीची मुळं वरच्या फूटभरातच असतात. केओलीन म्हणजे पांढऱ्या मातीची पावडर ८०० ग्रॅम दहा लिटरला घेऊन फवारलं की पानावर पांढरा थर बसतो, ऊन परत फेकलं जातं. घड झाकायला स्कर्टिंग बॅग किंवा केळीचंच वाळलेलं पान. बागेच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ लावा, ती पण बाग लावायच्या वेळीच, मे महिन्यात धावपळ करून नाही. ते जमलं नसेल तर शेडनेट, जुन्या साड्या बांधतात ते पण चालतं, गरम वारा अडला पाहिजे. वाऱ्याने पान फाटून चिंध्या झाल्या तर घाबरू नका, फाटलेलं पान वारा जाऊ देतं आणि कमी तापतं. खोड मोडणं वेगळं, मे-जूनचं वादळ आलं की रावेर-यावलकडे बागाच्या बागा आडव्या होतात, तिथे घडाला बांबूचा नाहीतर पट्टीचा आधार हाच उपाय.

मिरची, टोमॅटो, वांग्याची फुलं उन्हात गळतात कारण परागकणच निकामी होतात. फवारून त्या उष्णतेत फळ बसवता येईल असं मला वाटत नाही, हवा उतरेपर्यंत झाड जिवंत आणि हिरवं ठेवा, भरिताचं वांगं परत फुलतं.

पाणी जास्त झालं तर, आणि आकस्मिक मर

हे जरा थांबून वाचा. आमच्याकडे एका सप्टेंबरात तीन आठवडे थेंब नाही, कपाशी बोंडांवर आलेली, डोळ्यासमोर पीक उभं. मग एका रात्री असा पाऊस पडला की सऱ्या भरून वाहिल्या. सकाळी सगळे खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे नाना धापा टाकत घरी आले, म्हणे चल, कपाशी मरी गयी. जाऊन बघतो तर चांगली कमरेएवढी झाडं, बोंडांनी लगडलेली, माना टाकून उभी, शेजारची झाडं मात्र हिरवीगार. आबा म्हणाले, काय व्हयनं रे, पानी कमी पडनं का? पायाखाली चिखल आणि झाड तहानलेलं, कुणालाही असंच वाटणार.

होतं असं की मुळांना पण श्वास घ्यायला हवा लागते. सऱ्या भरल्या की मातीतल्या पोकळ्यांत पाणी जातं आणि दीड-दोन दिवसांत तिथला प्राणवायू संपतो. प्राणवायू नसला की मुळांच्या पेशींतली पाणी आत घेणारी दारं बंद होतात, म्हणजे पाण्यात उभं राहून झाड तहानेने व्याकूळ. वरून इथिलीन नावाचं वायुरूप संप्रेरक वाढतं, त्याने पानं खाली वाकतात आणि गळतात. आणि ज्या झाडावर बोंडं जास्त ते आधी सुकतं, कारण त्याची मागणी जास्त. बुंधा चिरला तर आत रेघ नसते, कुठली बुरशी नसते.

म्हणून इथे वेळ हेच औषध. लक्षण दिसल्यापासून पहिल्या २४ ते ४८ तासांत जे करता येईल ते करा:

सगळ्यात आधी चर काढून पाणी बाहेर काढा, दुसरं काहीही त्याच्यानंतर. मग सुकलेल्या आणि त्याच्या आजूबाजूच्या झाडांना आळवणी, म्हणजे बुंध्याशी द्रावण ओतणं, दहा लिटर पाण्यात युरिया २०० ग्रॅम, पोटॅश १०० ग्रॅम, कॉपर ऑक्सिक्लोराईड २५ ग्रॅम, प्रत्येक झाडाला १५० मिलि, आणि पायाने बुंध्याजवळची माती दाबून घ्या. कोबाल्ट क्लोराईड मिळालं तर १०० लिटर पाण्यात फक्त १ ग्रॅम याप्रमाणे फवारा, ते इथिलीन बनणं अडवतं, पण लक्षण दिसल्या दिसल्या फवारलं तरच, तीन दिवसांनी फवारून उपयोग नाही. वाफसा आला, म्हणजे जमीन चालण्याजोगी ओलसर-मोकळी झाली, की कोळपणी. वाफसा यायच्या आधी शेतात बैल नाहीतर ट्रॅक्टर घातला तर माती दाबली जाते आणि उरलेली हवा पण जाते.

आम्ही त्या वर्षी चर काढून आळवणी केली, ज्यांना पहिल्या दिवशी मिळाली त्यातली बरीच सावरली, ज्यांच्यापर्यंत तिसऱ्या दिवशी पोहोचलो ती नाही. तेव्हापासून मोठा खंड पडला की शक्य असेल तर हलकं पाणी देऊन ठेवतो, म्हणजे झाड एकदम कोरड्यातून एकदम बुडीत जात नाही.

थंडी

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खाली येतो, कधी सहा-सातपर्यंत पण. केळी मूळची उष्ण-दमट हवेची, १०-१२ अंशांच्या खाली तिची वाढ जवळपास थांबते. पेशीचा पडदा स्निग्ध पदार्थांचा असतो, थंडीत घरातलं तूप गोठतं आणि तेल पातळच राहतं तसंच इथे आहे. गहू, हरभरा थंडी लागली की आपल्या पडद्यातलं तूप कमी करून तेल वाढवतात, केळीला ते फारसं जमत नाही. म्हणून पानं पिवळी, पोंगा म्हणजे गुंडाळलेलं नवं पान उघडत नाही, आणि मृगबागेत नेमकी निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, याच वेळी येते तर घड खोडातच अडकतो.

करायचं काय, तर थंडीची लाट आली की पाणी रात्री द्या, विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं आणि ओली जमीन उष्णता धरून ठेवते. पहाटे बागेच्या कडेला ओलसर पालापाचोळ्याचा धूर करा, वारा कुठून येतो ते बघून. झाडाला पाव किलो निंबोळी पेंड मातीत मिसळून द्या. हिरवी पानं कापू नका, बरेच जण बाग स्वच्छ दिसावी म्हणून थंडीतच पानं छाटतात, ते पान घडाचं पांघरूण आहे. फक्त करपा रोगाने डागाळलेला भाग तेवढा काढा आणि बागेबाहेर न्या.

कपाशीवर याच सुमाराला लाल्या दिसतो. रात्र १५ अंशांच्या खाली गेली आणि झाडाला नत्र-मॅग्नेशियम कमी पडलं की पानातलं हिरवं द्रव्य मोडतं आणि लाल रंग वाढतो, तो रंग झाडाचा उन्हापासूनचा पडदा आहे. पानाच्या कडा आधी पिवळ्या-लाल होऊन वाकत असल्या तर पान उलटं करा, तुडतुडे असतील. तुडतुडे नसले तर मॅग्नेशियम सल्फेट १०० ग्रॅम दहा लिटरला, त्याच्यानंतर आठ दिवसांनी डीएपी नाहीतर युरिया २०० ग्रॅम दहा लिटरला. शेवटच्या वेचणीच्या वेळी लाल झाली तर सोडून द्या, म्हातारपण आहे ते.

क्षाराबद्दल एवढंच सांगतो की माती आणि विहिरीचं पाणी दोन्ही तपासून घ्या, सामू (आम्ल-विम्लता) आणि ईसी (क्षारांचं प्रमाण) कळल्याशिवाय जिप्सम टाकू नका, चोपण म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या जमिनीला ते लागू पडतं, नुसत्या खारवटलेल्या जमिनीला निचरा आणि गोडं पाणी लागतं.

जिवंत शत्रू: कीड आणि रोग

कपाशीचं एक पान उलटं करा आणि मधल्या शिरेवर देठाकडून थोडं वर बघा. एक बारीक खड्डा दिसेल, तिळाएवढा. त्यातून गोड रस पाझरतो. फूल नाही, फळ नाही, मग हा मध कुणासाठी? मुंग्यांसाठी आणि अळीवर अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांसाठी. अळीने पान खाल्लं की हा रस वाढतो, आणि पान हवेत वास सोडतं, त्या वासावर त्या माश्या अळीला शोधत येतात. आत पानात गॉसिपॉल नावाचं कडू विष वाढतं ते वेगळंच. तुडतुड्यांसाठी पानावर लव असते, लव दाट असली तर तुडतुड्यांना बसता येत नाही, पण त्याच लवेत पांढऱ्या माशीला बरं वाटतं.

आता सांगा, पेरणीपासून महिनाभरात चार तुडतुडे दिसले म्हणून आपण सगळं मारणारं कीटकनाशक फवारलं तर आधी कोण मरतं? किडींना खाणारे ढालकिडे, क्रायसोपा आणि त्या गांधीलमाश्या. म्हणून माझ्या शेतात पहिले साठ दिवस जमेल तितकं निंबोळी अर्कावर, पाच टक्के, म्हणजे पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवून गाळून १०० लिटर करायचा. कडेने मका आणि चवळीच्या ओळी, चवळीवर मावा येतो आणि त्याच्यामागे ढालकिडे येतात. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग पडले की मग रासायनिक औषधाचा विचार, त्याच्या आधी नाही. बीटी, म्हणजे अळीला मारणारं प्रथिन स्वतः बनवणारं कपाशीचं वाण, २००२ ला आलं तेव्हा वाटलं होतं बोंडअळी संपली, पण गुलाबी अळीने दोन जनुकांचं दुहेरी बीटी पण पचवलं, म्हणून फरदड ठेवू नका, म्हणजे वेचणीनंतर तीच कपाशी पुढे वाढवू नका, डिसेंबरनंतर शेतात उभी कपाशी म्हणजे तिच्या पुढच्या पिढीची सोय.

केळीवरच्या सीएमव्हीची, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस या विषाणूची, गोष्ट वेगळी आहे आणि इथे हळवं होऊन चालत नाही. झाडाकडे विषाणूविरुद्ध खूप हुशार यंत्रणा आहे, विषाणूचा आरएनए ओळखून त्याचे तुकडे करायची. पण सीएमव्हीकडे २बी नावाचं प्रोटीन आहे, ते हीच यंत्रणा बंद पाडतं, आणि थंड-ढगाळ हवेत यंत्रणा तशीही मंदावते. म्हणजे इथे झाडाचा बचाव हरलेला असतो. पानावर शिरांना समांतर पिवळे पट्टे, पान वेडंवाकडं, पोंगा सडका दिसला की ते रोप मुळासकट उपटा आणि बागेपासून लांब खड्ड्यात पुरा, त्याच दिवशी. फवारून ते बरं होत नाही, उलट तोपर्यंत मावा त्याच्यावरून शेजारच्या दहा रोपांवर जातो. लागवडीनंतरचे पहिले तीन-चार महिने दर चार दिवसांनी फेरी मारा. केळीत काकडी, भोपळा, टरबूज, मिरची, टोमॅटो घेऊ नका, बांधावरचं तण काढा, विषाणू तिथे राहतो. आणि शेजाऱ्याला पण सांगा, एकट्याने उपटून भागत नाही.

विषाणूसारखं दिसणारी अजून एक गोष्ट सांगतो कारण ती आमच्याच घरी झाली. कपाशीची नवी पानं भेंडीच्या पानासारखी लांबट, बोटं फुटल्यासारखी निघाली. सगळे म्हणाले व्हायरस. दोन दिवसांनी लक्षात आलं की त्याच पंपाने आधी बांधावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं आणि पंप नुसता पाण्याने विसळला होता. कपाशीला त्याचा अंश पण सहन होत नाही, शेजारच्या शेतातून वाऱ्याने आला तरी असंच होतं. आम्ही वाकडे शेंडे खुडले, पाणी दिलं, हलकी युरियाची फवारणी केली, साधारण तीन-चार आठवड्यांनी नवीन पान सरळ निघालं. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्याला लाल पट्टी लावा.

ज्वारीचा बचाव आणि आपली गाय

हे गुराढोरांवाल्यांनी लक्षात ठेवाच. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं, जनावराने चावलं की त्यातून सायनाइड सुटतं. ताण पडला, वाढ खुंटली की ते अजून वाढतं, आणि कापलेल्या ज्वारीला पावसानंतर फुटवे येतात त्यात पण भरपूर असतं. आपल्याकडे त्यालाच किराळ लागणं म्हणतात. गुडघ्याखालची सुकलेली हिरवी ज्वारी आणि नवे फुटवे कधीही चारू नका, निसवल्यानंतर, म्हणजे कणीस बाहेर पडल्यावर, कापा, नीट वाळलेल्या कडब्यात धोका फार कमी होतो. जनावर धापा टाकायला लागलं, फेस आला, पडलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरला बोलवा, त्याच्यावर इंजेक्शन असतं पण वेळ मिनिटांचा असतो.

झाडाला आधीच तयार करणं

थोडा ताण सोसलेलं झाड पुढचा मोठा ताण चांगला सोसतं, हे अनुभवाचं आहे आणि शास्त्राने पण सिद्ध झालंय. मिरची-वांग्याची रोपं लावायच्या चार-पाच दिवस आधी पाणी कमी करा आणि सावलीतून उन्हात आणा. टिश्यू कल्चरची रोपं घेताना विचारा की हार्डनिंग, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय, किती दिवस झालंय, आणि आणल्यावर दोन-चार दिवस बागेच्या कडेला सावलीत ठेवून मगच लावा. रोगाचं पण तसंच आहे, झाडाच्या एका पानावर बुरशी आली की सॅलिसिलिक अ‍ॅसिड वाढतं आणि बाकीची पानं सावध होतात. ट्रायकोडर्मा, मायकोरायझा या उपयोगी बुरश्या शेणखतात मिसळून लावतानाच दिल्या तर मुळाशी हे सावधपण आधीपासून राहतं, रोग आल्यावर टाकून तेवढा उपयोग होत नाही. सॅलिसिलिक अ‍ॅसिडची फवारणी पण करतात, दहा लिटरला १ ग्रॅम, थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून, पण आधी चार झाडांवर करून बघा, जास्त झालं तर पान भाजतं.

ताण सरल्यानंतरचे दहा दिवस

पाऊस आला, थंडी ओसरली, पाणी निघून गेलं की लगेच खताचं पोतं रिकामं करू नका, मुळं अजून दुरुस्त होत असतात. पहिले तीन-चार दिवस फक्त वाफसा सांभाळा. मग हलकी फवारणी, एक टक्का युरिया नाहीतर एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे विद्राव्य खत, आणि नवी पांढरी मुळी दिसली की जमिनीतून खत, ठरलेल्या डोसचं अर्धं. या दहा दिवसांत तणनाशक नाही, दुपारची फवारणी नाही, आणि एका टाकीत पाच-पाच औषधं तर नाहीच नाही. तापलेल्या पानावर तेलकट औषध पडलं की डाग पडतात आणि मग आपण तो डाग रोग समजून अजून एक औषध आणतो.

पहिल्या दिवसापासून मोबाइलमध्ये फोटो काढत राहा, त्याच झाडाचे, त्याच जागेवरून, पहाटेचे. पीक विमा असला तर नुकसानीची सूचना लगेच करा, ७२ तासांचा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, आणि पुढच्या वर्षी तशीच खूण दिसली की तुमच्याकडे तुमच्याच शेताची तारीख-वार नोंद असते, मी तर आता सप्टेंबर आला की आधी त्या वर्षीचे कपाशीचे फोटो उघडतो आणि चराचं फावडं बांधावर नेऊन ठेवतो.